पितळी व्हाइसचा फ्लाय बांधण्याचा संच: अवजारे चालतात, पिसे बुडतात

फ्लाय म्हणजे गळावर पिसे आणि धागा बांधून केलेला, कीटकासारखा दिसणारा मासेमारीचा खोटा चारा. लाकडी पेटीत येणारा, पितळी खांबाच्या व्हाइसचा (बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या पकडीचा) हा संच अडीच हजार रुपयांच्या आत ऑनलाइन मिळतो. पेटीवर किंवा आतल्या पुस्तिकेवर निर्मात्याचे नाव कुठेही छापलेले नाही. ट्राउट माशाच्या ड्राय फ्लायसाठी, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी, लागणारे सर्व काही यात आहे, असा विक्रेत्याचा दावा असल्यामुळे त्याची परीक्षा त्याच कसोटीवर होणे रास्त आहे: या पेटीतल्या साहित्याने बांधलेली मेफ्लाय या पाणकिड्याची प्रतिकृती पाण्यावर तरंगते का, आणि तरंगताना ती मेफ्लायसारखी दिसते का. साकोलीच्या आमच्या भागात ट्राउट नाही, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातल्या कोमट पाण्यात तो तगणारही नाही. मात्र ब्रिटिशांनी आणून सोडलेला हा मासा हिमाचलातल्या तीर्थन नदीत, काश्मिरात आणि निलगिरीच्या ओढ्यांत आजही आहे, आणि त्यासाठी गळ घेऊन जाणारी थोडी मंडळी पूर्व विदर्भातही आहेत. हिमाचलात ट्राउटची मासेमारी हिवाळ्यात बंद असते. फ्लाय बांधून ठेवण्याचे काम त्याच महिन्यांत घरी बसून उरकते.

कसोटी नीट लावायची, तर मेफ्लाय कशी असते ते लक्षात घ्यावे लागते. तिची अळी महिनोन्‌महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षे, पाण्याखालच्या दगडांच्या आधाराने वाढते, मग वर येऊन कात टाकते आणि धुरकट पंखांचा डन बाहेर पडतो. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांमधला हा एकमेव गट आहे. त्या दुसऱ्या कातेतून काचेसारख्या पंखांचा स्पिनर निघतो, आणि तो काहीही न खाता, बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत, अंडी घालून संपतो. डन उडण्यापूर्वी पाण्यावर बसून वाहत जातो, तेव्हा त्याचे पंख पाठीवर उभे मिटलेले असतात आणि मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या असतात. खालून पाहणाऱ्या ट्राउटला दिसतात ते पाण्याच्या पृष्ठभागावर पायांनी पडलेले खळगे, पोटाचा रंग आणि पंखांची उभी रेघ. ड्राय फ्लायमध्ये पायांचे आणि तरंगण्याचे काम हॅकल करते, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेले कोंबड्याचे मानेचे पीस. ते पीस वाईट असेल, तर बाकीची सगळी कारागिरी पाण्यात जाते.

अवजारांबद्दल फारशी तक्रार नाही. व्हाइसचे जबडे 12 आणि 14 क्रमांकाचा गळ घट्ट धरतात (क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान). 16 चा गळ जबड्याच्या अगदी टोकाशी नीट बसवला तर टिकतो, 18 चा मात्र धागा ताणताच फिरतो. टेबलाला अडकवायची पकड सागवानी टेबलाच्या जाड फळीवरही बसते. धागा सोडणाऱ्या बॉबिनच्या नळीच्या तोंडाला बारीक कंगोरे असल्यामुळे धागा वारंवार तुटतो. बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी करून तोंड आतून घासले की हा दोष जातो. हॅकल प्लायरच्या गुळगुळीत ओठांतून पीस निसटते, त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा छोटासा तुकडा चढवणे पुरते. कात्री आणि शेवटची गाठ मारायचे व्हिप फिनिशर या दोन्ही वस्तू या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगल्या निघाल्या.

साहित्याकडे वळल्यावर मात्र चित्र पालटते. संचातले गळ जाड तारेचे, पाण्याखाली चालवायच्या फ्लायचे आहेत. ड्राय फ्लायला बारीक, हलकी तार लागते. धागाही जाड आहे, त्यामुळे 16 क्रमांकाच्या गळावर डोळ्याजवळ गाठीचा गठ्ठा होतो आणि नायलॉन ओवायला जागा उरत नाही; 8/0 जाडीचा धागा वेगळा घ्यावाच लागतो. डबिंग म्हणून, म्हणजे फ्लायचे पोट बांधण्यासाठी, दिलेला कृत्रिम केसांचा पुंजका पोपटी आणि भगव्या रंगांचा आहे, तर डोंगरी ओढ्यातल्या बीटिस गटाच्या मेफ्लाय मळकट हिरवट-करड्या असतात. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याला सरकी काढलेल्या कापसाचे पोट बांधण्याचा मोह होईल, पण कापूस पाणी पितो आणि फ्लायला तळाशी नेतो. त्यापेक्षा सशाच्या कातडीवरची मऊ लव चांगली. उभ्या पंखासाठी खताच्या रिकाम्या पोत्याची पांढरी पट्टी सुईने उभी चिरून वापरता येते, कारण ती पोती बहुधा पॉलिप्रोपिलीनची असतात आणि हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलके असून पाणी शोषत नाही.

खरा घोटाळा हॅकलचा आहे. पेटीत रंगवलेल्या पिसांची एक पुडी येते; त्यांतली बहुतेक पिसे कोवळ्या पक्ष्याची किंवा कोंबडीची असावीत, कारण देठापासून अर्ध्या रुंदीपर्यंत ती लोकरीसारखी मऊ आहेत आणि हा मऊ भागच पाणी ओढून घेतो. शिवाय त्यांच्या काड्या, म्हणजे देठाच्या दोन्ही बाजूंचे तंतू, गळाच्या मानाने फार लांब आहेत. हॅकलच्या काडीची लांबी गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या) साधारण दीडपट असावी, असा बांधणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. पुडीतले सर्वांत लहान पीसही 10 क्रमांकाच्या गळाला शोभेल एवढे होते. वाटीभर पाण्यात सोडलेली अशी फ्लाय आधी कलंडते आणि मग खाली जाते.

याच गोष्टीसाठी गावातल्या माणसाला पैसे खर्चण्याची गरज नाही. परदेशात खास पैदास केलेल्या कोंबड्यांची पिसे बाजारात येण्यापूर्वी तिकडचे बांधणारे भारतातून जाणाऱ्या कोंबड्यांच्या मानांवरच मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. आठवडी बाजारात गावरान कोंबडा कापणाऱ्याला आधी सांगून ठेवले, तर वर्ष उलटलेल्या नराची मान कातडीसकट मिळते. तिच्यावरची पिसे ताठ, चकचकीत असतात, आणि डोक्याकडची लहान पिसे 14 व 16 च्या गळाला बरोबर येतात. मान साबणाच्या पाण्यात धुवावी, आतली चरबी खरवडून बोरॅक्स लावावा, सावलीत वाळवावी आणि डांबरगोळ्यांसह बंद डब्यात ठेवावी. लाल-तपकिरी आणि कबरा अशा दोन माना हाताशी असल्या की ॲडम्स बांधता येते. 1922 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात लिओनार्ड हॅलाडे यांनी प्रथम बांधलेली ही फ्लाय कोणत्याही एका मेफ्लायची हुबेहूब नक्कल नाही, तरीही करड्या पोटामुळे आणि दोन रंगांच्या मिश्र हॅकलमुळे ती अनेक जातींच्या डनची जागा घेते. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: आपल्या जंगलांतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसे फ्लाय बांधणाऱ्यांत प्रसिद्ध असली, तरी त्या पक्ष्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि कुणी ती आणून दिली तरी घेऊ नयेत.

पुस्तिकेत ॲडम्सची आकृती आहे, पण हॅकल पंखाच्या बुंध्याभोवती आडवे गुंडाळायच्या पॅराशूट पद्धतीचा उल्लेख नाही, आणि हे मोठेच न्यून आहे. तीर्थनच्या संथ डोहांत पॅराशूट बांधणीची फ्लाय पृष्ठभागाला पोट टेकवून बसते आणि तिच्याकडे मासा अधिक विश्वासाने येतो असा माझा अनुभव आहे. फेसाळत्या उथळ पाण्यात मात्र गळाभोवती उभ्या वेढ्यांचे जुने हॅकलच उंच तरंगते आणि दुरून नजरेला सापडते.

कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, पेटी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन घ्यावी लागते. म्हणून बारीक तारेचे 14 आणि 16 क्रमांकाचे गळ, 8/0 चा करडा धागा आणि बॉबिनसाठी सिरॅमिक तोंडाची नळी याच मागणीत जोडून घ्यावी. रंगीत पिसांची पुडी परत पाठवण्याइतकीही किमतीची नाही. घरातल्या मुलांना ती शाळेच्या हस्तकलेसाठी देऊन टाकावी.