गॅलरीतली भाजी: दहा ग्रो बॅगा, नऊ महिने

जूनच्या पहिल्या आठवड्यात १२ × १२ इंचांच्या दहा ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या), कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट, तीस किलो गांडूळखत आणि नर्सरीतून तांबड्या मातीची चार पोती आणली. सगळं मिळून अडीच हजार गेले. आता फेब्रुवारी संपत आलाय. सुरुवात केली तेव्हा मला झाडांतलं एवढंच कळत होतं की तुळस सहसा मरत नाही. माझ्याकडे तीही एकदा मेली होती.

बॅगांचं आधी सांगून टाकते. जाड, हिरव्या, एचडीपीई या टिकाऊ प्लास्टिकच्या. अजून एकही फाटलेली नाही. दोघींच्या कड्यांची शिवण उसवली, पण तो दोष माझा. ओल्या मातीने भरलेली बॅग कडीला धरून ओढायची नसते. एकीत वीसेक लिटर माल बसतो, त्यामुळे जिथे ठेवायची तिथेच भरावी. तळाला भोकं मात्र फारच कमी. जुना स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून प्रत्येकीला आणखी सहा पाडली आणि खाली विटा दिल्या. पहिल्या महिन्यात विटाही नव्हत्या आणि ताटल्याही. तांबडं पाणी थेट खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर. त्यांना पुढे दोन महिने मेथी पोचवत होते.

माझी खरी फसगत उन्हाने केली. घर कोथरूडला, तिसरा मजला, गॅलरी दक्षिणेची. फळभाजीला निदान सहा तास ऊन लागतं हे वाचलं होतं, आणि जानेवारीत गॅलरीभर पसरलेलं ऊन डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून मी निर्धास्त. पण जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेलाच असतो. वरच्या गॅलरीच्या स्लॅबची सावली दिवसभर हटत नाही, त्यात पावसाळी ढग. टोमॅटोची रोपं दोऱ्यासारखी लांब होत गेली, फूल एकही नाही. खत कमी पडत असेल म्हणून आणखी खत घातलं. ऑगस्टमध्ये सगळी उपटली.

दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेला कलला तसं ऊन आत यायला लागलं आणि डिसेंबरात तर हॉलच्या दारापर्यंत पोचलं. ऑक्टोबरात पेरलेल्या अर्का रक्षकच्या तीन रोपांनी जानेवारीपासून पाचेक किलो टोमॅटो दिलेत. बंगळूरच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचं हे संकरित वाण. मर, करपा हे रोग आणि पानं आकसणारा विषाणू यांना पुरून उरतं. बी धरून ठेवण्यात मात्र अर्थ नाही, संकरिताची पुढची पिढी तशी निघत नाही.

त्यातही पहिल्या सात-आठ टोमॅटोंची बुडं काळी पडली. कॅल्शियम कमी म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली. ती कुजून झाडाला लागू पडायला महिने जातात हे नंतर कळलं. कारण होतं पाणी. शनिवार-रविवार बाहेरगावी, सोमवारी बादलीभर! माती एकदा कोरडी, एकदा चिखल झाली की असलेलं कॅल्शियमही फळापर्यंत पोचत नाही. कोकोपीट तर फसवतंच. वरून भुरभुरीत कोरडं दिसतं आणि खाली चिंब असतं. सासूबाई वाईहून आल्या होत्या, त्यांनी दोन पेरं बोट मातीत खुपसलं आणि म्हणाल्या, "अगं, तहान नाही लागलेली त्याला. तू आपली पाजतेयस." तेव्हापासून बोट घालून बघितल्याशिवाय पाणी नाही.

मिरचीला बोकड्या आला. पानं वरच्या बाजूला वळून आकसली; कारण फुलकिडे. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, आठवड्यातून एकदा फवारलं, तेही संध्याकाळी. सहापैकी चार झाडं वाचली.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण, तेही करून पाहिलं. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं मूळ प्रमाण २०० लिटर पाण्याचं. त्याचा विसावा भाग केला, म्हणजे दहा लिटर पाणी, अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन शंभर-शंभर ग्रॅम, मूठभर माती. झाडांना मानवलं असावं. सोसायटीला अजिबात मानवलं नाही. तिसऱ्या दिवशी वॉचमन विचारायला आला की ड्रेनेज तुंबलंय का.

पालेभाज्यांनी एकदाही दगा दिला नाही. डब्यातलीच मेथी टाकली, महिन्याच्या आत जुडी तयार. धणे अख्खे न टाकता चपलेखाली हलकेच रगडून दोन फाका करायचे; उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर उकरून बघायचं नाही. मी उकरलं होतं.

पैसे वसूल झालेत का? नाही. मंडईत एवढी भाजी हजारात आली असती. तरी बॅगा घ्या, फक्त दहा नकोत, चारच घ्या, आणि टोमॅटोआधी मेथी लावा. कोकोपीट पुन्हा आणणार नाही. सोसायटीचा माळी रोज पोतंभर पालापाचोळा फेकतो, तो पाला आता त्याऐवजी माझ्या बॅगांत येतो.

येत्या जूनमध्ये सावलीच्या बॅगांत अळू. सासूबाईंनी तीन कंद आत्ताच पाठवून दिलेत, ते शिंकाळ्यात ठेवलेत.