पिल्लाला आंघोळ घालू का नुसतं ओल्या फडक्यानं पुसू?

भाच्यानं शेतातून कुत्र्याचं महिन्याभराचं पिल्लू आणलं, अंगभर चिखल, अन् विचारते, मामा आंघोळ घालू का पुसून काढू? आमच्या घरी दोन्ही करून झालंय म्हणून सांगतो.

पहिले थंडीचं पाहा. लहान पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पूर्ण भिजलं की लगेच कुडकुडते, अन् आपल्या इकडं पौषातली सकाळ कशी असते माहीत आहे. पुसण्यात ही भीती कमी, कोमट पाण्यात सुती फडकं पिळायचं, एकेक पाय पुसून लगेच कोरडा करायचा.

खर्च म्हणाल तर पुसणं फुकट. आंघोळीला पिल्लांचा शाम्पू लागतोच, आपल्या साबणानं त्यांची कातडी कोरडी पडते, खाज सुटते. अन् गुरांच्या गोचिडाचं औषध तर पाण्यात थेंबभरही टाकू नका, विषबाधा होते, जीव जातो लेकराचा.

मेहनत आंघोळीला जास्त. घमेल्यात चार बोटं कोमट पाणी, किती गरम ते कोपर बुडवून पाहायचं, डोक्यावर ओतायचं नाही, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, मग टॉवेलनं पार कोरडं होईस्तोवर मांडीवर. पण शेण, वास, पिसवा पुसून जात नाहीत तेही खरं, तिथं आंघोळच लागते.

तर दोन महिन्यांच्या आतलं, नाहीतर सुस्त, हगवण लागलेलं पिल्लू असेल तर फडकंच. त्याहून मोठं, खेळतं अन् लईच घाण झालं असेल तर दुपारच्या उन्हात आंघोळ. भाच्याच्या पिल्लाला फडकंच.