वेस्टर्न बघायचेत? आधी मिनिटं मोजा

'शोले' तोंडपाठ असलेली माणसं बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घरोघरी सापडतील. अशा माणसाला वेस्टर्नची, म्हणजे अमेरिकी काऊबॉयपटांची, गोडी लावायची तर १९३९च्या 'स्टेजकोच'पासून क्रमाने जाऊ नये. सरळ इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) लावावा. माळरानावरचं एकटं घर, अंगणात मांडलेली जेवणाची टेबलं, नव्या बायकोच्या स्वागताची तयारी. किरकिरणारे किडे एकदम गप्प होतात. गोळ्या सुटतात, आणि शेवटी घरातून धावत आलेलं एक पोर तेवढं उरतं. ठाकूरच्या घरचा प्रसंग कुठून आला हे मग कुणी सांगावं लागत नाही. गब्बरच्या जागी इथे हेन्री फोंडा आहे. जन्मभर सज्जनांच्या भूमिका केलेला निळ्या डोळ्यांचा माणूस. लिओनीने त्याला मुद्दाम घेतला.

पण लावण्याआधी प्रतीची लांबी बघा. पूर्ण चित्रपट १६५ मिनिटांचा आहे. १४५ दिसलं तर ती अमेरिकेत कापलेली प्रत. तिच्यात वाटेवरच्या गुत्त्यातला लांब प्रसंग नाही, त्यामुळे शायेन आणि हार्मोनिका या दोन मुख्य पात्रांची ओळख कधी झाली हेच कळत नाही आणि दोष दिग्दर्शकाला जातो. १५८ दिसलं तर घाबरू नका. ती जुन्या पाल (PAL) टीव्ही पद्धतीची डीव्हीडी असते. सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात म्हणून वेळ चार टक्के घटतो. प्रसंग सगळे शाबूत, आवाज मात्र किंचित चढा लागतो. संगीतकार मोरिकोनेचं संगीत ऐकायला बसला असाल तर ही प्रत टाळलेली बरी. ते संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जाई. नट त्या लयीत चालतात.

सुरुवातीला तीन माणसं स्टेशनावर गाडीची वाट बघतात. पवनचक्की कुरकुरते, टोपीवर पाणी ठिबकतं, तोंडावर माशी बसते. दहा मिनिटांहून जास्त एवढंच चालतं. इथे फोन हातात घेतला की पिक्चर हातचा गेला. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर हे आवाज ऐकूच येणार नाहीत, हेडफोन लावा.

पडद्याच्या आकाराची चूक याहून जास्त घरांत होते. लिओनीची चौकट २.३५ला १ अशी रुंद आहे. हल्लीच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला 'झूम' दाबलं की दोन्ही कडांचा मिळून जवळपास पाव भाग जातो, आणि लिओनी नेमकी माणसं कडेलाच उभी करतो. दोघांची झुंज असते आणि दिसतं मधलं रिकामं मैदान! उलट १९५३ पूर्वीचे चित्रपट चौकोनी आहेत. ते ताणून पडदाभर केले की घोडे म्हशींसारखे दिसतात. तेव्हा बाजूच्या पट्ट्या राहू द्या. पिक्चर सेटिंगमधलं हालचाल गुळगुळीत करणारं कलमही बंद करा, नाहीतर सगळं मालिकेसारखं दिसतं. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) सर्वांना माहीत असतो, म्हणून त्याबद्दल फक्त प्रतीपुरतं. १६१ मिनिटांची इंग्रजी प्रत घ्या. तिच्यातून कापलेले इटालियन प्रसंग २००३ मध्ये परत जोडून ती सुमारे १७९ मिनिटांची केली. त्या जोडलेल्या जागी नायक क्लिंट ईस्टवूडने सत्तरी ओलांडल्यावर आवाज दिला आहे. पस्तिशीतला गडी मधेच आजोबांच्या आवाजात बोलू लागतो. खलनायक झालेला ली व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच वारल्यामुळे त्याचा आवाज तर दुसऱ्याचाच. ध्वनीसाठी 'मोनो'चा (मूळ एकेरी आवाजाचा) पर्याय असेल तर तो निवडा. चहूबाजूंनी ऐकू येणारा ५.१ आवाज करताना बंदुकीचे जुने आवाज बदलले आहेत. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून टीव्हीला शिव्या देऊ नका. इटालियन पद्धतीने सगळा आवाज नंतरच भरायचे. हा आणि लिओनीचे त्याआधीचे दोन ईस्टवूडपट यांना मिळून 'त्रयी' म्हणतात पण गोष्टी एकमेकींत अडकलेल्या नाहीत. वेळ कमी असेल तर मधला 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५, १३२ मिनिटं) बघा. आमच्या मते तिघांत बांधणी त्याचीच घट्ट.

आता मागे जायला हरकत नाही. 'हाय नून' (१९५२) ८५ मिनिटांचा, म्हणजे लाईट जायच्या आत संपण्याची बरीच शक्यता. बाराच्या गाडीने गुंड येणार आणि मार्शल गावात मदत मागत फिरतो. पडद्यावरचं घड्याळ जवळपास आपल्या घड्याळाबरोबर चालतं. एक गृहस्थ घरात बसून बायकोला 'नाहीत म्हणून सांग' म्हणतो. हा गृहस्थ कोणत्या गल्लीत नसतो? आकाश पांढरंफटक दिसतं ते प्रतीचं वैगुण्य नाही. छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बीने ते बातमीपटासारखं मुद्दाम ठेवलं, कॉन्ट्रास्ट वाढवत बसू नका. मार्शल असा दारोदार फिरतो हे दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सला पटलं नाही. त्याने उत्तर म्हणून 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. १४१ मिनिटं, ऐसपैस, गप्पिष्ट, आणि पहिली काही मिनिटं चक्क बिनसंवादाची. दोन्ही लागोपाठच्या दिवशी बघावेत.

'शेन' (१९५३) आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच समजेल. गुरं मोकळी सोडणारा बडा रँचवाला एका बाजूला, कुंपण घालून शेती करणारे दुसऱ्या बाजूला. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर मिळत. ६४०० गुंठे! एकेका गुंठ्यासाठी कोर्टाची पायरी झिजवणाऱ्यांनी हा आकडा वाचून सुस्कारा टाकावा. बंदुकीचा बार इथे मुद्दाम कानठळ्या बसवणारा आहे आणि गोळी लागलेला माणूस तारेने मागे ओढला आहे, म्हणून मरण खरं वाटतं. रुंद पडद्याची लाट आल्यावर स्टुडिओने हा चौकोनी चित्रपट वरून-खालून कापून दाखवला. १.३७ची पूर्ण चौकटच शोधा.

दिग्दर्शक जॉन फोर्डचे दोन. 'स्टेजकोच' (१९३९, ९६ मिनिटं) धावत्या घोड्यांमधून गाडीखाली सरपटणाऱ्या स्टंटमन याकिमा कानटसाठी. 'द सर्चर्स' (१९५६) व्हिस्टाव्हिजनवर आहे. त्यात फिल्म आडवी धावते आणि चौकट दुप्पट मोठी मिळते, त्यामुळे मिळेल तितकी स्वच्छ प्रत आणि मोठा पडदा. गोष्ट टेक्ससची, तांबडे सुळके मात्र युटा-अॅरिझोनाच्या हद्दीवरचे. बदामीचे कडे पाहिलेल्या डोळ्याला ओळखीचा रंग. नायक द्वेषाने पेटलेला आहे आणि चित्रपट ते लपवत नाही. पण कोमांची या मूळ अमेरिकी जमातीचा सरदार जर्मनीत जन्मलेल्या नटाने रंगवलाय, हे मात्र खटकायलाच हवं. सरकार अजून पोचलं नाही अशा सीमेची ही सगळी दुनिया. आमच्या सीमेवर दोन-दोन सरकारं पोचली आहेत, तो प्रकार निराळा.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) संगीतकार बर्नस्टाइनच्या धूनसाठी ठीक. कुरोसावाचा मूळ 'सेव्हन समुराई' २०७ मिनिटांचा असूनही आधी तोच बघावा.

क्लिंट ईस्टवूडचा 'अनफर्गिव्हन' (१९९२, १३० मिनिटं) सगळ्यांत शेवटी, आणि पोरं झोपल्यावर. डुकरं पाळणारा म्हातारा बंदूकबाज, ज्याला घोड्यावर धड बसता येत नाही. आधीचे पाहिलेले नसतील तर तो नुसता संथ वाटेल. नावं संपेपर्यंत बंद करू नका. अर्पणपत्रिका तिथे आहे, 'सर्जिओ आणि डॉन' यांना, म्हणजे लिओनी आणि दिग्दर्शक डॉन सीगल.