गणवेश घाऊक शिवून घ्यायचेत? आधी कटिंगचं टेबल बघा

सेवा: शाळेचे गणवेश शिवून देणारं युनिट, पूर्व भाग, सोलापूर

सरळ शिलाई, पक्कं काज-बटण हे सोलापुरात बऱ्याच ठिकाणी मिळतं. इथलं वेगळेपण कटिंगच्या टेबलावर आहे. साठ थर एकावर एक अंथरून कापताना पातं किंचित कललं, तरी वरचा तुकडा बरोबर आणि तळाचा आखूड निघतो. म्हणून इथे वरचा, मधला आणि तळाचा असे तीन तुकडे पॅटर्नवर ठेवून बघतात. प्रत्येक तुकड्याला थराचा नंबर चिकटवतात, म्हणजे एका शर्टाची कॉलर, बाही, पाठ एकाच थरातली राहते. कापडाचं ठाण बदललं की छटा बदलते. ती ट्यूबलाइटखाली कळत नाही, शाळेच्या मैदानावर कळते.

ही पद्धत सगळ्याच युनिटना ठाऊक असते. ती मोडते भीतीपोटी. मजुरी नगावर असते, उसवून पुन्हा शिवायचे पैसे मिळत नाहीत. मग बाही बिघडली की दुसऱ्या बंडलातली गुपचूप लावली जाते, आणि त्या बंडलात एक बाही कमी पडते. इथे पुढच्या मशीनवर जायच्या आत चूक सांगितली तर मजुरी कापत नाहीत. कटिंग मास्तर त्याच ठाणातल्या उरलेल्या कापडातून तुकडा काढून देतात. “अण्णा, तळाची बाही आखूड आलीय,” असं ओव्हरलॉकवरची (कापडाच्या कडा शिवायच्या मशीनवरची) नवी मुलगी सगळ्यांदेखत म्हणते आणि मास्तर टेप घेऊन उठतात. गणवेशाचा दर्जा खरं तर इथेच ठरतो.

द याँग, डर्क्स आणि गिलेस्पी या संशोधकांनी 2016 मध्ये 112 अभ्यास, म्हणजे 7,763 गटांची माहिती एकत्र तपासली. गटातला विश्वास आणि कामगिरी यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसला. ज्या कामात एकाचं दुसऱ्यावर अवलंबून असतं, तिथे तो अधिक घट्ट होता. शिलाईची लाइन म्हणजे नेमकं तसंच काम.

उणीव पॅकिंगमध्ये आहे. ते बाहेरच्या ठेक्यावर जातं. तिथल्या माणसांना लाइनवर कुणी ओळखत नाही, चुकलं तर कुणाला सांगायचं हेही ठरलेलं नाही. त्यामुळे 30 मापाच्या खोक्यात 32 चे शर्ट निघतात. मालकांनी हे काम आत आणावंच.

तोवर माल घेताना प्रत्येक खोकं उघडा आणि कॉलरच्या आतलं लेबल बघा. शाळा जूनमध्ये उघडतात; ऑर्डर मार्चअखेर द्या, म्हणजे बदलून घ्यायला वेळ उरेल.