ग्राफिक्स कार्ड गेलं का? फरमार्क चालवायचं की दुसऱ्या पीसीत लावून पाहायचं

गेम चालू असताना पीसी क्रॅश झाला की लोक सरळ सीताबर्डीला नवीन कार्डचा भाव विचारायला निघतात, अरे थांबा ना भाऊ, आधी पाहून तर घ्या.

फरमार्क हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कार्डवर फुल लोड देतं, टेंपरेचरही दिसतं, पण नागपुरात मे महिन्यात बाहेर 45 डिग्री असताना ते चढणारच, त्यात फॅनवर धुळीचा थर, आणि टेस्टमध्ये पीसी एकदम ऑफच झाला तर दोष कार्डचा की एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणारा डबा) हे काही कळत नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 दिसलं तरी त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद पडला.

दुसऱ्या पीसीत लावायला आधी तसा मित्र पाहिजे, त्याच्या एसएमपीएसला तेवढे वॅट पाहिजे, कनेक्टर जुळला पाहिजे, कटकटच आहे. पण उत्तर बरंच पक्कं मिळतं. तिथेही बायोसच्या, म्हणजे पीसी चालू करताच येणाऱ्या पहिल्या स्क्रीनवरच रंगीत ठिपके, उभ्या रेघा आल्या तर ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) शिव्या देऊ नका, विंडोज अजून सुरूच कुठे झालंय? आणि गेम तासभर मस्त चालला तर आपला एसएमपीएस किंवा ड्रायव्हर तपासा.

मी तर दुसऱ्या पीसीचाच मार्ग धरतो. फरमार्क चालवायचंच असेल तर आधी ब्रशने धूळ काढा, आणि सकाळी चालवा.