फिंगरवर्क्सचा आयजेश्चर पॅड: टचस्क्रीनचा स्क्रीनविना अर्धा भाग

मी दिवसभर मजकूर तपासते. माउस धरून धरून मनगट ठणकायला लागलं, तेव्हा माउसऐवजी बोटांच्या खुणांनी चालणारा हा पॅड शोधून घेतला, वापरलेलाच. नवा मिळणारही नाही, कारण २००५ मध्ये ॲपलने फिंगरवर्क्स ही कंपनी विकत घेतली आणि ही उत्पादनं बंद झाली.

दिसायला साधी, सपाट पाटी. बटण नाही, चाक नाही, जोर लावून दाबायचं काहीच नाही. शब्द निवडायचा आणि अंगठा व मधलं बोट पाटीवर चिमटीसारखी जवळ आणायची, की तो कट होतो. हवा तिथे कर्सर नेऊन चिमूट उघडली, की पेस्ट. तीच दोन बोटं एकत्र टेकवून उचलली, की कॉपी. परिच्छेद इकडचा तिकडे हलवताना खरोखरच तो चिमटीत उचलून नेल्यासारखं वाटतं, आणि याची इतकी सवय होते की दुसऱ्या कॉम्प्युटरवरही बोटं आपोआप तेच करू लागतात. टेकलेली बोटं कोणती, अंगठा कोणता, हे पाटी स्वतःच ओळखते. कॉम्प्युटरला ती साधा माउस आणि कीबोर्ड वाटते, म्हणून आजही यूएसबीला जोडली की चालते.

ही पाटी डेलावेअर विद्यापीठातल्या वेन वेस्टरमन आणि त्यांचे मार्गदर्शक जॉन एलियास यांची. वेस्टरमन यांचे हात टायपिंगने दुखावले होते. जोर न लावता काम करता यावं, ही त्यांची स्वतःची गरज होती. त्यांचा १९९९ चा प्रबंध याच विषयावर आहे. वापरताना हे जाणवतं. दुखणं माहीत असलेल्या माणसानेच हे बनवलंय.

म्हणूनच टचस्क्रीनचं सगळं श्रेय २००७ च्या आयफोनला दिलेलं मला पटत नाही. स्पर्श ओळखणारी काच आणि हातांच्या खुणांनी काम करणं, हे दोन्ही खिशात मावेल अशा एका वस्तूत आणणं मोठंच काम होतं, पण दोन्ही गोष्टी आधीपासून होत्या. माझ्या मते पहिला मान ई. ए. जॉन्सन यांचा. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करताना त्यांनी १९६५ मध्येच बोटाने चालणाऱ्या पडद्यावर लेख लिहिला. डोळ्यांपुढे विमानवाहतूक नियंत्रण होतं. सत्तरच्या दशकात सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक यांनी पारदर्शक कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाच्या नुसत्या स्पर्शाने चालणारा पडदा तयार करून तिथल्या कण-प्रवेगक यंत्राच्या नियंत्रण कक्षात कामाला लावला. सॅम्युअल हर्स्ट यांचं नावही नेहमी घेतलं जातं, पण त्यांचा रस्ता वेगळा, दाबावर चालणारा रेझिस्टिव्ह. आणि एका वेळी अनेक बोटं ओळखणं? ते १९८२ मध्ये टोरांटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी धूसर काचेमागे कॅमेरा लावून करून दाखवलं होतं.

वेस्टरमन-एलियास यांचं योगदान त्यापुढचं. आपल्या हाताला रोजच्या कामासाठी वापरता येईल अशी खुणांची भाषा त्यांनी दिली, आणि ती या पाटीवर आजही तपासून पाहता येते.

अडचणी आहेत. पाटीवर काहीच छापलेलं नाही, म्हणून सुरुवातीला खुणांचा तक्ता शेजारी हवाच. बिघडली तर दुरुस्तीला कंपनी नाही. घेण्याआधी चारही कोपऱ्यांत बोट फिरवून कर्सर कुठे अडखळत नाही ना, एवढं नक्की बघा. मजकुरात काम करणाऱ्या आणि मनगटाने त्रासलेल्या माणसाला मी ही डोळे मिटून सुचवेन. गेम खेळणाऱ्यांनी मात्र माउसच ठेवावा.