सॅन फ्रान्सिस्कोचं जुनं न्यूजरील फुटेज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माहितीपटाच्या एडिटिंगसाठी तीन साठे आठ महिने सतत वापरात आहेत : युनिव्हर्सल न्यूजरील (थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या छोट्या फिल्म), प्रेलिंजर संग्रह (घरगुती आणि इतर दुर्लक्षित फिल्मचा साठा) आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीचा बे एरिया टीव्ही अर्काइव्ह. पहिले दोन इंटरनेट अर्काइव्ह (archive.org) या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतात. माल उत्तम आहे. पण फाइल उतरवली आणि तशीच टाइमलाइनवर टाकली, तर हमखास पस्तावाल.

युनिव्हर्सलची न्यूजरील 1929 ते 1967 चालली, आठवड्याला दोन अंक. पुढे कंपनीने सगळा साठा हक्कांसकट अमेरिकन सरकारला दिला, म्हणून वापरायला मोकळा. गोल्डन गेट पुलाचं 1937 चं उद्घाटन, 1945 ची संयुक्त राष्ट्रांची परिषद असं सगळं ठळक यात शोधायचं. शहराचा रोजचा दिवस मात्र इथे सापडत नाही. कॅमेरा फीत कापायला यायचा आणि निघून जायचा. आवाजावरही विसंबू नका. निवेदन आणि संगीत स्टुडिओत चढवलेलं असतं, गर्दीचा गलकाही बरेचदा साउंड लायब्ररीतला. काही विषयांची कागदोपत्री नोंद सापडते, चित्र सापडत नाही. कारण 7 डिसेंबर 1978 ला मेरीलँडमधल्या सूटलंडला या साठ्याच्या नायट्रेट फिल्मच्या (जुनी, चटकन पेटणारी फिल्म) कोठारांना आग लागली आणि 1.26 कोटी फूट फिल्म गेली. 35 मिमी फिल्म मिनिटाला 90 फूट पळते, म्हणजे हिशेबाने 2300 तासांहून जास्त.

रोजचं शहर बघायचं तर प्रेलिंजर. घरगुती रिळं आहेतच, शिवाय स्टुडिओंनी गाडीवर कॅमेरा बांधून घेतलेल्या बॅकग्राउंड प्लेट्स. नटांच्या मागे पडद्यावर रस्ता पळताना दाखवायला त्या लागायच्या. निवेदन नाही, चौकट स्थिर, दुकानांच्या पाट्या वाचता येतात. तीन साठ्यांत सगळ्यात कामाची चीज हीच.

आता मुख्य डोकेदुखी. पानावरच्या प्लेअरमध्ये दिसते ती बारकी, दाबलेली प्रत. डाउनलोडची पूर्ण यादी उघडून एमपेग-2 प्रकारची फाइल घ्या, किंवा जी सगळ्यात मोठी असेल ती. मग व्हीएलसी प्लेअरमध्ये डीइंटरलेस (दातेरी रेषा पुसणारी सोय) बंद करून ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. दर पाचांत तीन फ्रेम स्वच्छ आणि दोन कंगव्यासारख्या दातेरी दिसल्या, तर सेकंदाला 24 फ्रेमची फिल्म अमेरिकन टीव्हीच्या 29.97 मध्ये ताणून बसवलेली आहे. आपल्याकडची टाइमलाइन बहुधा 25 ची, त्यामुळे पॅन शॉट अडखळत चालतो. इथे बहुतेक जण साधा डीइंटरलेस मारतात. दाते जातात, पण जादा फ्रेम तशीच राहते आणि अडखळणंही. एफएफएमपेग या फुकट व्हिडिओ-प्रोग्राममध्ये आधी फील्डमॅच (फ्रेमचे अर्धे-अर्धे भाग पुन्हा जुळवणारा फिल्टर), त्यानंतर डेसिमेट (जादा फ्रेम काढणारा) चालवा, मूळ 23.976 परत मिळतं. मग ते 25 ला चालवा. वेग सुमारे 4 टक्के वाढतो, तो डोळ्यांना कळत नाही. आवाजाची पट्टी मात्र तेवढी उतरवून घ्या. व्हिडिओवर आल्यानंतर ज्याचं एडिटिंग झालंय, त्यात प्रत्येक कटला तीन-दोनचा हा क्रम तुटतो. तिथे हाताने तपासण्याला पर्याय नाही.

मूकपटाच्या काळातलं फुटेज सेकंदाला 24 फ्रेमने स्कॅन केलं असेल, तर माणसं तुरुतुरु पळतात. वेग 67 ते 75 टक्क्यांवर आणा, म्हणजे 16 ते 18 फ्रेम. ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवणारी सोय) लावू नका, फ्रेम रिपीटच ठेवा.

टीव्ही अर्काइव्हमध्ये केपिक्स, क्रॉन वगैरे स्थानिक चॅनेलांची 16 मिमी बातमी-फिल्म आहे. तिथे एक गोष्ट नवख्याला हटकून चकवते. कटनंतर सेकंदभर बोलणाऱ्याचे ओठ हलतात आणि ऐकू भलतंच येतं. फाइल बिघडलेली नसते. फिल्मच्या कडेच्या चुंबकीय पट्टीवर आवाज चित्राच्या 28 फ्रेम पुढे असतो (प्रकाशाने छापलेल्या, म्हणजे ऑप्टिकल आवाजात 26), आणि बातमीच्या घाईत फिल्म चित्र बघून कापली की नव्या शॉटचा सुरुवातीचा आवाज मागच्या तुकड्याबरोबर जातो. सिंक सरकवून दुरुस्त करू पाहाल तर पुढचा सगळा शॉट बिघडेल. त्या सेकंदावर दुसरं दृश्य झाका, झालं. हे फुटेज बघायला मोकळं आहे, वापरायला परवाना लागतो. त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवा.

वर्णनात दिलेल्या सालावर आंधळा विश्वास नको. फेरी बिल्डिंगसमोर दुमजली फ्रीवे उभा दिसला, तर फुटेज 1950 च्या दशकाअखेर ते 1991 मधलं. ट्रान्सअमेरिका पिरॅमिड पुरा झालेला असेल तर 1972 किंवा नंतरचं. कृष्णधवलमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेट बघा : 1956 पासूनची कॅलिफोर्नियाची प्लेट पिवळी, म्हणजे उजळ, 1963 पासूनची काळी. जुन्या गाडीवर जुनी प्लेट राहू शकते, त्यामुळे नवी गाडी धरून ठरवा. पाटी उलटी वाचली जात असेल, तर स्कॅन करताना फिल्म पालथी पडली आहे.

शेवटी जुन्या फिल्मच्या संगणकाने रंगवलेल्या, सेकंदाला 60 फ्रेम केलेल्या आवृत्त्यांबद्दल. मार्केट स्ट्रीटवरून केबल कारच्या पुढ्यातून घेतलेली, सुमारे 13 मिनिटांची फिल्म सगळ्यांनी पाहिलेली असते. वर्षानुवर्षं ती सप्टेंबर 1905 ची मानली जायची. इतिहासकार डेव्हिड कीन यांनी रस्त्यावरची डबकी हवामानाच्या बातम्यांशी ताडून पाहिली, नंबरप्लेटची नोंदणी शोधली आणि तारीख एप्रिल 1906 वर आणली, 18 एप्रिलच्या भूकंपाच्या काही दिवस आधीची. त्याच प्लेटमुळे हेही कळतं की रहदारी दाट दिसावी म्हणून काही मोटारी केबल कारला वळसे घालून पुन्हा पुन्हा समोर येतात. चकचकीत आवृत्तीत नंबरप्लेटचे हे आकडे विरघळतात, चाकाच्या आऱ्या मेणासारख्या वितळतात आणि रंग तर सरळ मनाचे. ओरखडे असलेली प्रतच उतरवा.